फिनिश शब्द: ‘बिन’च्या दारानं

प्रश्न थोडक्यात असा आहे: फिनलंडमधल्या तांपेरेला येऊन आठ महिने झाले, ॲपवर सहाशे शब्द झाले, पण तेच शब्द वाक्यात आले की ओळखू येत नाहीत. दुकानात जिकडेतिकडे ‘-तोन’ किंवा ‘-तॉन’ असा शेवट दिसतो, त्याचा अर्थ ‘शिवाय’ इतकं समजलंय. हे शब्द धरून शब्दसंग्रह वाढवता येतो का, की हा नुसता नाद आहे? पुढे युकि (फिनिशची अधिकृत भाषा-परीक्षा) द्यायची आहे आणि कामही शोधायचं आहे.

वाढवता येतो. मी चौदा वर्षं एस्पोत राहतो, भाषांतरावर पोट भरतो आणि शनिवारी चार-पाच जणांना फिनिश शिकवतो. नव्या माणसाला मी नामांची यादी देत नाही, आधी हेच ‘नसलेले’ शब्द देतो. कारण सांगतो, पण त्याआधी लिपीचं बघू.

फिनिश ‘आ’ आपल्यासारखाच उघडा, फक्त आखूड, म्हणून मी सगळीकडे काना दिलाय. ‘ॅ’ म्हणजे बॅटमधला. ‘ॉ’ हा खाली डॉक्टरमधला समजू नका: जीभ ‘ए’ म्हणायच्या जागी ठेवा, ओठ ‘ओ’सारखे गोल करा, जो आवाज निघेल तो. ‘यु’ही तसाच, जीभ ‘ई’ची आणि ओठ ‘ऊ’चे. ‘त’ मात्र अस्सल आपला, दातांवरचा. तिथे इंग्रजी बोलणारे अडखळतात, आपण नाही.

आता मुद्दा. तुम्ही ॲपवर ‘वेसि’ म्हणजे पाणी असं पाठ केलंत. मग वाक्यात आलं ‘वेदेस्सॅ’, पाण्यात. वेसि कुठे गेलं? फिनिश शिकणाऱ्या इंग्रजी माणसाला हा धक्का वाटतो. आपल्याला वाटायला नको, कारण आपण स्वतः ‘पाणी’ म्हणतो आणि ‘पाण्यात’ म्हणतो, ‘देऊळ’ म्हणतो आणि ‘देवळात’ म्हणतो. एखादा परदेशी माणूस शब्दकोशात ‘देवळ’ शोधत बसला तर त्याला काही सापडणार नाही. शाळेत याला आपण सामान्यरूप म्हणायचो. फिनिशमध्ये नेमकं तेच आहे: प्रत्येक नामाला एक सामान्यरूप, आणि प्रत्यय लागतात ते बहुतेक त्याला. शब्दकोशातलं रूप हे शब्दाचं दर्शनी दार. घरातली सगळी ये-जा मागच्या दारानं होते.

‘-तोन/-तॉन’ हा शेवटही लागतो तो सामान्यरूपालाच. वेसि, वेदेन (पाण्याचा), वेदेतॉन (बिनपाण्याचा). मराठीतही ‘पाणीवाचून’ होत नाही, ‘पाण्यावाचून’च होतं, आणि हजामतसुद्धा ‘बिनपाण्याने’ करतात. म्हणून वेदेतॉन हा एक शब्द पाठ केलात की पाणी तर मिळतंच, शिवाय त्याचं ‘पाण्या-’ही हाती येतं. वेदेस्सॅ, वेदेस्तॅ, वेदेल्लॅ ही रूपं मग वाचताना आपोआप ओळखू येतात. नुसतं ‘वेसि’ पाठ करून हे कधीच हाती लागत नाही.

युक्ती सोपी आहे. षष्ठीचं रूप घ्या, शेवटचा ‘न’ काढा, तोन किंवा तॉन लावा. कोति म्हणजे घर, कोदिन घराचा, कोदितोन बेघर. आपु म्हणजे मदत, आवुन, आवुतोन असहाय. लेपो म्हणजे विसावा, लेवोन, लेवोतोन अस्वस्थ, चुळबुळ करणारा. माकु म्हणजे चव, माउन, माउतोन बेचव; विनोद पाचकळ असला तरी माउतोनच. यॅर्कि म्हणजे अक्कल, यॅर्येन, यॅर्येतॉन अकलेचा पत्ता नसलेला. लांका म्हणजे दोरा किंवा तार, लांगान, लांगातोन. हा शब्द तुम्ही रोज बघता, घरातल्या वायफायच्या सेटिंगमध्ये. आपल्याकडे आजोबांच्या काळी ‘बिनतारी संदेश’ म्हणायचे, तोच शब्द, तीच कल्पना.

बघा, प चा व झाला, त चा द झाला, क कधी गायब झाला तर कधी त्याचा य झाला. व्याकरणात यावर पानंच्या पानं आहेत, आणि पहिल्या वर्षी लोक त्या तक्त्यांपाशीच हातपाय गाळतात. मी तक्ते पाठ करायला सांगत नाही. आवुतोन, कोदितोन, लेवोतोन असे तीस-चाळीस शब्द तोंडात बसले की कान स्वतःच सांगायला लागतो की इथे व आहे म्हणजे मूळ शब्दात प असणार. असं का होतं, तर या प्रत्ययात मुळात दोन ‘त’ होते. त्या जोड-तमुळे आधीचं अक्षर बंद व्हायचं, आणि बंद अक्षराच्या तोंडावरचं व्यंजन फिनिशमध्ये नरम पडतं. तो दुसरा ‘त’ आजही मेलेला नाही, पुढे येतोच आहे.

तोन की तॉन, हे स्वरांवर. शब्दात आ, ओ, उ असेल तर तोन. नाहीतर तॉन. नुसते इ आणि ए असले तरी तॉन: निमि म्हणजे नाव, निमेतॉन निनावी. या शब्दापाशी मी वर्गात दरवेळी थांबतो. हाताची बोटं मोजताना फिन लोक करंगळीशेजारच्या बोटाला निमेतॉन म्हणतात. आपली अनामिका! दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि दोघींनी त्याच बोटाला बिननावाचं ठेवलंय. रशियनमध्येही ते बोट निनावीच आहे. हे ऐकल्यावर निमेतॉन विसरलेला विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही, आणि त्याच्यामागून निमेन, निमेस्सॅ, निमेल्लॅ फुकटात येतात.

दुकानातल्या शब्दांबद्दल. सोकेरितोन (बिनसाखरेचं), सुओलातोन (अळणी), रास्वातोन माइतो (साय-स्निग्धांश काढलेलं दूध), ग्लुतेएनितोन, लाक्तोओसितोन, आल्कोहोलितोन. हे वाचायला उपयोगी, पण शिकायला त्यांत फारसं काही नाही, कारण मूळ शब्द बदलतच नाही. खरा माल साबणाच्या रांगेत आहे. तिथे लिहिलेलं असतं हायुस्तेएतोन, सुगंधी द्रव्य न घातलेलं. मूळ शब्द हायुस्ते, शेवटी एकच ए. षष्ठीत हायुस्तेएन, दोन ए. ‘ए’नं संपणारी जवळजवळ सगळी फिनिश नामं अशीच शेपूट लांब करतात. विर्हे म्हणजे चूक, विर्हेएतॉन बिनचूक. पेर्हे म्हणजे कुटुंब, पेर्हेएतॉन सडाफटिंग. एस्ते म्हणजे अडथळा, एस्तेएतॉन. व्हीलचेअर जाईल अशा बऱ्याच शौचालयांच्या दारावर हा शब्द असतो. एक साबणाची बाटली अख्ख्या एका नामगटाची किल्ली देते.

आता तो दुसरा ‘त’. प्रथमेत ‘त्युऑतॉन’, काम नसलेला. इतर रूपांत शेवट बदलून -त्तोमा-, -त्तॉमॅ- होतो: त्युऑत्तॉमॅन, बेकाराचा, त्युऑत्तॉमॅत, बेकार लोक. भाववाचक करायचं तर त्युऑत्तॉम्यूस, बेकारी. तुम्ही म्हणता तसे शब्द ‘ओळखू येत नाहीत’ त्यातले निम्मे इथे हरवतात, असा माझा अंदाज. म्हणून सवय लावून घ्या: लांबलचक शब्दाच्या पोटात ‘त्तोम’ किंवा ‘त्तॉम’ दिसलं की तिथे बोट ठेवायचं आणि मागे वाचायचं.

एक सोलून दाखवतो. बातम्यांत येतं: ओन्नेत्तोमूस्पाइकाल्ला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते स्टेशनचं नाव वाटलं होतं. शेवटचं ‘-ल्ला’ म्हणजे ‘-वर’. त्याआधी पाइक्का, जागा. राहिलं ओन्नेत्तोमूस. ‘त्तोम’वर बोट. मागे ‘ओन्ने’, म्हणजे ओन्नि, नशीब किंवा सुख. ओन्नेतोन म्हणजे दुर्दैवी, दुःखी. ओन्नेत्तोमूस म्हणजे शब्दशः नशीब नसणं, आणि रोजच्या वापरात अपघात. अपघाताच्या जागी. यूलेच्या (इथली सार्वजनिक प्रसारण संस्था) सोप्या फिनिशमधल्या बातम्या रोज ऐकाल तर ओन्नेत्तोमूस आणि त्युऑत्तॉम्यूस हे दोन शब्द सारखे भेटत राहतील.

क्रियापदांचं दार वेगळं आहे, तिथे -मातोन/-मॅतॉन लागतं. ‘ते करतात’ या अर्थाचं रूप घ्या, शेवटचं -वात काढा आणि ते जोडा. लुकेवात, ते वाचतात. लुकेमातोन, न वाचलेलं. गंमत अशी की ‘मी वाचतो’ला लुएन म्हणतात, तिथे क पडलेला असतो. लुकेमातोनमध्ये तो परत आलाय, कारण ‘मा’मुळे अक्षर उघडं राहिलं. म्हणजे नामाचं ‘नसलेलं’ रूप तुम्हाला नरम बाजू दाखवतं आणि क्रियापदाचं कडक बाजू. मेलबॉक्स फिनिशमध्ये करून टाका, तिथे लुकेमात्तोमात असं येईल, न वाचलेले निरोप. याच शब्दाचा दुसरा अर्थ अगणित. लुकु म्हणजे संख्याही आणि पुस्तकाचं प्रकरणही, त्यामुळे न वाचलेलं आणि न मोजता येणारं एकाच शब्दात बसलंय. माझ्या मेलबॉक्सला दोन्ही अर्थ लागू पडतात.

अनोळखी नंबरवरून फोन आला तर तुन्तेमातोन नुमेरो, ओळख नसलेला. न भरलेलं बिल म्हणजे माक्सामातोन लास्कु. हा शब्द लवकर शिका, विसरलात तर स्मरणपत्राच्या शुल्कासकट शिकवला जातो. न दिसणारा नॅक्युमॅतॉन. इथे इंग्रजीतून शिकणारे एका गोष्टीवर अडतात, ती म्हणजे न खाल्लेली भाकरी स्युऑमॅतॉन आणि अनुभव न घेतलेला माणूस कोकेमातोन, एकात वस्तू आणि दुसऱ्यात करणारा. आपण ‘न खाल्लेला आंबा’ आणि ‘न जेवलेला पाहुणा’ एकाच ‘-लेला’त सहज म्हणतो, तेव्हा तुम्ही यावर वेळ घालवू नका.

नाम आणि क्रियापद यांची अदलाबदल झाली तर काय होतं, हे स्वतःच्या फजितीतून सांगतो. इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी एका सहकाऱ्याच्या घरी कॉफीला गेलो होतो. चर्चच्या कराचा विषय निघाला. इथे चर्चचे सभासद असाल तर तो पगारातून कापला जातो. मला म्हणायचं होतं की मी कुठल्याच धार्मिक संस्थेचा सभासद नाही. उस्को म्हणजे श्रद्धा हे मला ठाऊक होतं, प्रत्यय नुकताच शिकलो होतो, लावला. ‘ओलेन उस्कोतोन,’ मी म्हणालो, चांगलं ठासून. टेबल गप्प झालं. सगळ्यांनी माझ्याकडे नाही, माझ्या बायकोकडे पाहिलं. उस्कोतोन म्हणजे बायकोशी प्रामाणिक नसलेला. मला हवा होता तो शब्द उस्कोन्नोतोन, उस्कोन्तो म्हणजे धर्म यावरून. आणि यजमानीणबाई हसू आवरत जे पुटपुटल्या ते होतं उस्कोमातोन्ता, म्हणजे विश्वासच बसत नाही! एका मुळाचे तीन शब्द मी अर्ध्या मिनिटात शिकलो. बायकोला फिनिश येत नव्हतं, तिला घरी जाताना समजावून सांगावं लागलं, आणि ते जास्त अवघड होतं.

‘असलेलं’ आणि ‘नसलेलं’ जोडीनं शिकणं चांगलं, पण डोळे उघडे ठेवून. -ल्लिनेन म्हणजे साधारण ‘-युक्त’. स्यूल्लिनेन दोषी, स्यूतॉन निर्दोष. वाआराल्लिनेन धोक्याचं, वाआरातोन निर्धोक. एह्दोल्लिनेन सशर्त, एह्दोतोन बिनशर्त, आणि यावरूनच एह्दोत्तोमास्ति, जे फिन माणूस ‘अगदी! नक्कीच!’ म्हणून दिवसातून दहादा म्हणतो. कोर्टाच्या बातमीत एह्दोतोन शिक्षा म्हणजे प्रत्यक्ष भोगायची कैद. इथवर जोड्या सरळ आहेत. पण लाप्सेतोन म्हणजे मूल नसलेला, म्हणून लाप्सेल्लिनेन म्हणजे मूलबाळ असलेला असं समजाल तर फसाल. लाप्सेल्लिनेन म्हणजे पोरकट. माझ्या एका विद्यार्थ्यानं मुलाच्या पाळणाघरात स्वतःची ओळख तशी करून दिली होती.

काही शब्दांचा अर्थ मुळापासून लांब गेलाय. सून्ता म्हणजे दिशा, पण सून्नातोन म्हणजे दिशाहीन नव्हे, अवाढव्य. तापा म्हणजे रीत, तावातोन म्हणजे विलक्षण. मिएलि म्हणजे मन. मिएलेतॉन खरं तर वेडापिसा, पण तरुण पोरं ‘कसलं भारी!’ याअर्थी वापरतात. आणि आलास्तोन हा तोतया आहे. म्हणजे नागडा. त्यातलं ‘तोन’ वेगळं काढायला जाऊ नका. त्याचं आलास्तोमान होतं, एकाच त नं, तिथे तो पकडला जातो.

बेघरसाठी दोन शब्द दिसतील. कोदितोन हा मनाचा शब्द, कुत्र्यालाही लावतात. सरकारी कागदात आसुन्नोतोन, आसुन्तो म्हणजे राहायची जागा. 2008 पासून इथे ‘आधी घर’ या धोरणावर काम चाललंय, आणि त्याबद्दलच्या लिखाणात सगळीकडे हा दुसरा शब्द येतो.

एपॅ- या नकाराच्या दुसऱ्या तुकड्याबद्दल थोडक्यात. हा पुढून लागतो आणि गुणाला लागतो: वार्मा खात्रीचा, एपॅवार्मा अनिश्चित, रेइलु न्याय्य, एपॅरेइलु अन्याय्य (पोरांच्या भांडणात हाच ओरडा ऐकू येतो). अंदाजाचा नियम असा की वस्तू नसेल तर तोन, गुण नसेल तर एपॅ. ओन्नेतोन दुःखी, पण लॉटरी न लागलेला एपॅओन्निनेन. हा एपॅ मूळ नकारार्थी क्रियापदातून आलाय, म्हणजे एन, एत, एइ यांचाच भाऊबंद. फिनिशमध्ये ‘नाही’ माणसाप्रमाणे बदलतो. एन मेने, एत मेने, एइवॅत मेने. इंग्रजी पुस्तकं याचं फार कौतुक करतात. मी जात नाही, तू जात नाहीस, ते जात नाहीत. आपल्याला त्याचं काय!

या पद्धतीला कुठे मर्यादा आहेत तेही सांगायला हवं. नरम सामान्यरूप सगळीकडे चालत नाही. ‘घरी’ जायचं असेल तर कोतीन, तिथे त परत येतो. पाण्यात पडायचं असेल तर वेतेएन. आणि ‘थोडं पाणी’ म्हणताना वेत्तॅ, झोपेचं उन्ता, हे वेदेतॉन आणि उनेतोन (झोप न लागणारा) यांवरून सुचणार नाही. ते वेगळं पाठ करावंच लागतं. म्हणून माझ्या वहीत एका ओळीत चार गोष्टी असतात: वेसि, वेदेन, वेत्तॅ, वेदेतॉन. शेवटी स्वतःच्या घरातलं एक वाक्य. दिवसाला तीन ओळी, त्यापेक्षा जास्त नकोत. ॲप बंद करू नका, पण ॲपवर नवा शब्द आला की लगेच त्याचं ‘नसलेलं’ रूप बनवून बघा आणि किएलितोइमिस्तोच्या (सरकारी भाषा-कार्यालयाच्या) फुकट शब्दकोशात ते खरंच आहे का तपासा. नसेल तर फारसं बिघडत नाही. मी बनवलेला ‘कढीपत्त्याशिवायचा’ हा फिनिश शब्द कुठल्याच कोशात नाही, पण शेजारीणबाईंना बरोबर समजला.

युकिचं म्हणाल, तर नागरिकत्वासाठी तिसरी पातळी लागते. तिथे हे शब्द कुणी थेट विचारत नाही. वाचनाच्या उताऱ्यात ‘त्तोम’वर बोट ठेवता आलं की वेळ वाचतो. लेखनात मात्र जपून. खात्री नसेल तर ‘इल्मान’ (वाचून) वापरा, तो सुटा शब्द आहे: इल्मान वेत्तॅ, पाण्यावाचून. त्यात चुकायला जागा कमी.

आणि कामाचं. नोंदणी करताना त्युऑतॉन त्युऑन्हाकिया असा शब्द भेटेल, काम नसलेला काम शोधणारा. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी तिथे थबकतात, कारण मनात त्याचं ‘बेकार’ असं भाषांतर होतं आणि मराठीत बेकार म्हणजे कुचकामीही. फिनिशमध्ये कुचकाम्याला ह्युऑद्युतॉन म्हणतात. तो शब्द वेगळा आहे आणि त्या फॉर्मवर कुठेच नाही.